बजा राखनदारीन आन् मुकी पाखरं

चोर? चोर म्हनला त्यो जालिंदर तिला? आन् तुमी ऐकून घेतलंत, पाव्हनं? च्या पीत पीत?

जालिंदरा, आरं दुकानात बसून साखर मापताना जीभ ढिली सोडायची आन् आमी म्होरं आलो की गिऱ्हाइकाच्या मागं लपायचं, ह्यो तुजा जुना धंदा. तुज्या आज्ज्यानंबी ह्येच केलं. म्हनं कारळवाडीची बजा राखनदारीन पाखरांच्या पोटातनं लोकांचा जोंधळा चोरायची. पोटातनं! आरं पाखराच्या पोटातनं दाना काडून कनगी भरता आली आसती तर तू कवाच दुकानाला पिंजरं टांगलं आसतंस. वर म्हनतोय, कारळवाडीचं गाव खुळं, आजून त्या म्हातारीचं नाव घेतंय.

पाव्हनं, तुमी त्येच्या दुकानातनं आलाय, म्हनून तुमच्यावरबी माजा भरवसा न्हाई. तोंडावर सांगतो. पन आता आमच्या वसरीत बसलाय, भाकरी आजून तव्यावर हाय, तवा बजाची गोष्ट माज्या तोंडनं ऐका. मग खुशाल जावा त्येच्याकडं आन् माजं नाव घिऊन सांगा.

लई लई वर्सं झाली. तवा ह्या खोऱ्यात सडक नव्हती, शाळा नव्हती, हिरीला पायऱ्याबी नव्हत्या. पन जोंधळा व्हता. आसा जोंधळा की त्यात बैल शिरला तर शिंगं दिसायची न्हाईत. आन् जोंधळा व्हता म्हनून पाखरं व्हती. राघू, व्हलं, साळुंक्या, चिमन्या. आन् थंडी पडली की कुठनं कुठनं भोरड्या यायच्या. गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या, हजारांनी. ढग उतरावा तशा उतरायच्या आन् उठल्या की ताटावर नुसती चिपाडं.

त्या रानांना राखायला बजा व्हती.

ती कुठली, कुनाची, कुनाला ठावं न्हाई. कुनी म्हनतंय तिचा दादला इथं राख्या व्हता, त्यो मेला आन् ती त्येच्या जागी उभी र्‍हायली. कुनी म्हनतंय ती भोरड्यांच्या मागनं आली आन् भोरड्या माघारी गेल्या तवा ती र्‍हायली. मी ह्यातलं कायबी पाह्यलं न्हाई, तुमीबी न्हाई. येवढं खरं की गावाच्या वरल्या अंगाला, समद्यांच्या बांधांचा जिथं मेळ पडतोय, तिथं तिचं मचान व्हतं. बाभळीच्या मेढी, वर कापसाच्या पळकाट्यांचा तट्टा, तट्ट्यावर घोंगडं. ऱ्हायची तिथंच, जेवायची तिथंच. सुगीला परत्येकजन चार पेंढ्या कनसं द्यायचा, त्यावर तिचं वरीस निघायचं.

तिच्या कमरंला गोफन व्हती. पन तिनं गोफनीत कवा दगड घातला न्हाई, आसं म्हनत्यात.

मग राखायची कशी? तर तोंडानं.

भोरड्यांचा थवा डोंगरावरनं सुटला की ही मचानावर उभी र्‍हायची आन् शिक्र्याची किंकाळी मारायची. शिक्रा ठावं हाय न्हवं? चिमनीमागं लागतोय त्यो. किंकाळी आशी की पाटलाच्या कोंबड्या पिलं पोटाखाली घिऊन बसायच्या. थवा तसाच वरच्या वर वळायचा. मग ही आवाज बदलायची आन् भोरड्यांचीच कलकल काडायची, पोट भरल्यावर त्या करत्यात ना, तशी. त्यो थवा गपगुमान बांधाकडंच्या पट्ट्यात उतरायचा. समद्या रानांच्या कडंला तिनं येक येक पट्टा सोडायला लावला व्हता. त्यो पाखरांचा. तेवढंच खायचं आन् जायचं. मधल्या कनसाला चोच लागायची न्हाई, आसं म्हनत्यात.

आन् ह्ये झालं कामाचं. बिनकामाचं तर इचारूच नका.

सकाळच्या पारी दयाळ यायचा आन् तिच्या मचानाच्या शेंड्यावर बसायचा. त्यो काळा-पांढरा, शेपूट उडवनारा. त्यो येक शीळ घालायचा, ही तशीच घालायची. त्यो थांबायचा, मान वाकडी करायचा, दुसरी घालायचा, जरा अवघड. हीबी घालायची. मग त्यो आशी काय गिरकी घ्यायचा गळ्यानं की हिला जमायचं न्हाई आन् ही मोठ्यांदा हासायची. पान्याला चाललेल्या बाया घागरी खाली ठिवून ऐकत बसायच्या. घरी सासवा वाट बगायच्या, पन सासवाबी आंगनात उभं राहून तेच ऐकत आसायच्या, मग बोलनार कोन? तित्तर बोलला की ही बोलायची. टिटवी वरडली की हिचं वर उत्तर. गावात कुनाच्याबी दारात पाखरू बोललं आन् लांबनं बजानं त्येला जाब दिला की घरातलं मानूस म्हनायचं, "बगा, लागली दोघं बोलायला."

चांगलं चाललं व्हतं. आन् चांगलं चाललं की मानसाच्या डोक्यात किडा वळवळतोय.

ह्यो किडा पयल्यांदा केरबाच्या डोक्यात वळवळला.

केरबा म्हंजे वाईट मानूस न्हवं. कष्टाळू. पन संशेवी. जेवताना बायकूनं भाकरी वाढली तरी उलथून बगायचा, खालच्या अंगानं करपलीया का. तर येका सुगीला केरबा बांधावर उभा र्‍हायला आन् त्येनं इचार केला. माज्या रानात पाखरू उतरत न्हाई. पाटलाच्या रानात उतरत न्हाई. भैरूच्या रानात उतरत न्हाई. मग येवढाली हजार भोरडी जगती कशावर? पट्ट्यावर? येवढ्याशा पट्ट्यावर? खोटं. कुनाच्या तरी रानात ती पोटभर खातीया. आन् ज्येच्या रानात खातीया त्येला ठावं न्हाई, म्हंजे त्यो मीच.

हां! हासू नका, पाव्हनं. तुमच्याबी गावात आशी डोकी आस्त्याल.

केरबानं ह्ये भैरूच्या कानात सांगितलं. भैरू घरी गेला आन् त्येलाबी वाटलं, त्यो मीच. भैरूनं पाटलाला सांगितलं. पाटील लई शाना, त्यो वरनं हासला, पन दुपारी येकटाच रानात जाऊन कनसं चाचपून आला. आठवडा गेला न्हाई तर गावातला परत्येक गडी आपल्या रानात वाकून वाकून दानं बगतोय आन् शेजाऱ्याच्या रानाकडं तिरक्या नजरंनं.

मग भैरू मचानाजवळच्या लिंबावर चढून बसला, ऐकायला. त्येला दिसलं, बजा दयाळासंगं बोलतीया. दयाळ शीळ घालतोय, ही घालतीया, मधीच दोघं खालच्या रानाकडं बगत्यात. खालचं रान कुनाचं? भैरूचं. झालं! भैरू वरनं उतरताना निम्मी साल अंगाला लावून उतरला आन् पारावर आला, लालबुंद.

"माज्या रानाचा नकाशा सांगती ती त्येला!" म्हनला. "मी डोळ्यांनी ऐकलं!"

बायकांचं निराळंच. सोनाबाई म्हनून येक व्हती, ती म्हनाली, "माज्या सुनंचं आन् माजं भांडान झालं, दाराला कडी लावून झालं, तरी बजाला कळलं. सांगितलं कुनी? परसातल्या व्हल्यानं."

"आगं तुजं भांडान डोंगरापल्याड ऐकू जातंय," कुनी तरी म्हनलं. पन तवा हासायला कुनाला सवड नव्हती.

शेवटी बजाला भैरोबाच्या देवळात बोलावलं.

आता त्या देवळाची तवाची येक रीत ऐका, तिच्यावरच पुढलं समदं हाय. कुनाला कशापासनं अडवायचं आसलं की शप्पत घालनाऱ्या परत्येकानं देवाम्होरल्या पितळीत भंडाऱ्याची येक चिमूट टाकायची. भंडारा म्हंजे देवाची हळद. शप्पत घेनाऱ्यानं त्या पितळीवर हात ठिवून कबूल व्हायचं. आन् शप्पत सोडवायची म्हनली तर ज्यानं ज्यानं चिमूट टाकली त्येनंच आपल्या पायानं यायचं, ती उचलायची, कपाळाला लावायची आन् "माजं चुकलं" म्हनायचं. दुसऱ्याची चिमूट उचलून चालत न्हाई. कुनी उचलली तरी ती पितळीत तशीच र्‍हाती, आसं म्हनत्यात. येकाचीबी चिमूट मागं र्‍हायली तर शप्पत बांधलेलीच.

बजा आली. म्हातारी, काटकुळी, डोईवर पदर. पाटील म्हनला, "आक्का, तू आमची रानं पाखरांना दाखवतीस आसं गाव म्हनतंय."

ती म्हनाली, "दाखवायला ती काय आंधळी हायत व्हय रं?"

केरबा उसळला. "मग बोलतीस काय त्यांच्यासंगं दिसभर?"

"मी कुठं बोलती? ती बोलत्यात. मी नुसतं व्हय म्हनती," ती म्हनाली. "तुज्या दारात बापलेक बोलत बसलं आन् कुनीच व्हय म्हनलं न्हाई तर किती येळ बोलतील?"

ह्ये कुनाला कळलं न्हाई. केरबाला तर ते मुद्दाम त्येच्या बापावरनं बोलल्यागत वाटलं. त्येनं पयली चिमूट टाकली. मग भैरूनं. मग समद्या गावानं. पाटलानं मागं बगत बगत टाकली, कोन बगतंय का. शप्पत आशी घातली की बजानं तोंडातनं आवाज म्हनून काडायचा न्हाई. पाखराचा न्हाई आन् मानसाचाबी न्हाई. कबूल न्हाई केलं तर मचान पेटवू आन् तुला घाटाखाली सोडून यिऊ.

तिला दुसरं घर न्हवतं. तिनं पितळीवर हात ठिवला. तोंड मिटलं. आन् गेली वर.

त्या सांजंला गाव लई खूश. केरबानं गूळ खाल्ला.

दुसऱ्या दिशी सकाळी केरबाची बायकू, ठकू, सडा टाकायला आंगनात आली. लिंबावर दयाळ बसला व्हता, रोजच्या फांदीवर. त्येनं शेपूट उडवलं. गळा फुगवला. चोच उघडली. आन् आवाज आला न्हाई.

ठकूला वाटलं कानात कायतरी गेलं. तिनं कान झाडला. दयाळानं परत चोच उघडली. परत कायबी न्हाई. त्यानं मचानाकडं मान केली, जरा येळ थांबला, आन् पंख मिटून गपकन बसला.

हिरीवर चिमन्या भांडत व्हत्या, पन मुक्यानं. तांबट उंबरावर मान हालवत व्हता, टुकटुक न्हाई. टिटवी डोक्यावरनं गेली, तोंड उघडं, आवाज न्हाई. समद्या खोऱ्यात येक पाखरू बोललं न्हाई, आसं म्हनत्यात. बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजायची, आन् ती येवढी मोठी वाजायची की बैल बिचकायचं.

पयल्यांदा लोकांनी काय करावं? घाबरावं? न्हाई. संशेव घेतला.

"माज्या रानात आवाज न्हाई, म्हंजे भैरूनं दाबून ठिवलाय." "भैरूच्या घरात मडकं हाय, तोंड बांधलेलं. त्यात हायत आवाज." गेली मानसं भैरूच्या घरात. मडकी फोडली. येकातनं निघाली सांडगी मिरची, येकातनं निघालं भैरूच्या बायकूनं नवऱ्याला चोरून साठवलेलं तूप. आवाज कायबी निघाला न्हाई, भैरूचा तेवढा निघाला, तूप बगून.

आन् हिकडं भोरड्या आल्या.

आता त्यांना वर उठवनारं कुनी न्हाई आन् पट्ट्यात बसवनारंबी कुनी न्हाई. गाव गोफनी घिऊन रानात उभं. पन पाखरू कलकललं तर कळंल ना कुठं उतरलं ते! जोंधळा पुरुसभर उंच. थवा उतरायचा तर नुसती सावली सरकल्यागत व्हायचं. गड्यानं दगड सोडायचा तर त्यो जायचा पलीकडच्या गड्याच्या पाठीत. पाटलाच्या टाळक्याला टेंगूळ आलं. भांडनं लागली. आन् भांडत व्हती तवर मागल्या रानातली कनसं निघून चालली व्हती, दाना दाना, चिडीचूप.

मचानावर बजा बसलेली दिसायची. कुनी भाकरी न्हेऊन दिली तर घ्यायची, पन तोंड उघडलं तर आवाज निघंल ह्या भेवानं घास बारीक बारीक करायची. वाळत चालली व्हती.

गाव तसं खुळं न्हाई. पाटील पयला देवळात गेला, चिमूट उचलली, कपाळाला लावली, पुटपुटला. मग सोनाबाई. मग येक येक समदे. भैरूबी गेला, तूप गेलेलं, अक्कल आलेली. पन पितळीत चिमूटभर पिवळं र्‍हायलंच. बजाचं तोंड उघडलं न्हाई.

ती चिमूट केरबाची.

"उचल बाबा," पाटील म्हनला. "रानं चालली."

"तुमची चालली," केरबा म्हनला. "माजी कुनी बगितली? तुमी समदे येक झालाय. आता मी उचलली की ती समदी पाखरं माज्यावर सोडनार. मला कळत न्हाई व्हय?"

"आरं तुजंबी रान निम्मं खाल्लंय!"

"निम्मं र्‍हायलंय न्हवं? तेच तुमाला बगवत न्हाई."

येवढं म्हनून केरबा दरवाजा लावून बसला.

पन त्या दरवाज्याच्या आत त्येचा बाप व्हता.

सुभानआज्जा. समदं गाव त्येला आज्जा म्हनायचं, केरबा आबा म्हनायचा. म्हातारपनी डोळं गेलेलं, पाय गेलेलं. अंथरुनावर पडून आसायचा, दारामागं. पन त्येला येळ चुकायची न्हाई. कोतवाल, त्यो काळा, चिरलेल्या शेपटीचा, बोलला की म्हनायचा, "तांबडं फुटलं." कुकुडकुंभ्यानं, भारद्वाज म्हनत्यात त्येनं, घुमायला घेतलं की म्हनायचा, "ऊन वसरीत आलं, द्या भाकरी." तांबटाची टुकटुक लागली की दुपार. साळुंक्या वडावर भांडायला लागल्या की गुरं घरला. पिंगळा बोलला की दिवा. समदा दिस त्येचा कानातनं जायचा. पाखरू बोललं की मान डोलवायचा, हसायचा. येवढीच त्येची करमनूक आन् येवढाच त्येचा संसार.

पाखरं मुकी झाली त्याच दिशी ठकूनं त्येच्याम्होरं भाकरी ठिवली.

"राती कोन जेवतंय?" आज्जा म्हनला.

"आबा, उजाडलंय."

"उगं ऱ्हा. कोतवाल कुठं बोलला?"

कोंबडं आरवत न्हवतं का, तुमी म्हनाल. आरवत व्हतं. पन आज्जा म्हनायचा, कोंबडं मानसाचं खातंय, मानसासारखं कवाबी बोलतंय, त्येच्यावर मी भाकरी खात न्हाई.

दिस मावळला, दुसरा उगावला. आज्ज्यानं भाकरीला हात लावला न्हाई. तिसऱ्यापासनं नुसत्या पान्यावर व्हता. "लई मोठी रात पडली ही," म्हनायचा, आन् कुशी बदलायचा. आवाज खोल चाललेला.

केरबा त्येच्या उशाशी बसला. "आबा, तुमच्या गळ्याशप्पत, दिस कासराभर वर आलाय. मी डोळ्यांनी बगतोय."

बापानं काय म्हनावं?

"तू कवा कुनाचं खरं धरलंस रं," म्हनला, "मी तुजं धरू?"

मग केरबानं बापाला उचललं, पाटकुळी मारून आंगनात आनलं, त्येचा हात उन्हात धरला. "बगा. ऊन लागतंय का न्हाई?"

आज्ज्यानं हात फिरवला. "चूल हाय ती," म्हनला. "मला फसवतूस. म्हातारं लवकर खपावं म्हनून रातीचं जेवायला घालतूस, बादावं म्हनून."

केरबाला रडू आलं. जलमात पयल्यांदा त्येच्यावर कुनी संशेव घेतला व्हता, आन् तोबी बापानं. त्येला कुठं तोंड लपवावं कळंना. त्यो लिंबामागं गेला, पदर न्हवता म्हनून डोईचं मुंडासं तोंडाला लावलं, आन् कोतवालासारखी शीळ घातली. जमंल तशी.

बापानं कान दिऊन ऐकलं. मग दात न्हवतं तरी हासला.

"केरबा हाय त्यो," म्हनला. "ल्हानपनीबी आसाच गाढवावानी वरडायचा."

आन् हासता हासता मान टाकली. सास व्हता, पन बारीक.

तवा केरबा पळाला. पायात वहान न्हाई, डोईला मुंडासं न्हाई, गावामधनं, समद्यांम्होरं. देवळात शिरला. ती चिमूट उचलली, कपाळाला आशी रगडली की कातडं निघालं. आन् "माजं चुकलं" ह्ये त्येनं पुटपुटलं न्हाई, पाव्हनं. बोंबलला. देवळाच्या घंटा आपल्या आपून हालल्या, आसं म्हनत्यात. तसाच वर पळाला, मचानापतुर.

"आक्का!" म्हनला. "बोल! माज्या बापाला सांग, उजाडलं!"

बजा उठली. तट्ट्यावर उभी र्‍हायली. वाळलेल्या चिपाडागत झाली व्हती. तिनं तोंड उघडलं.

मानसाचा सबूद निघालाच न्हाई. निघाला कोतवाल. बारीक, तारंवानी. त्यो तिच्या तोंडातनं निघाला आन् खालच्या बाभळीवर खरा कोतवाल बसला व्हता, त्येनं उचलला. मग तित्तर निघाला, रानातल्या तित्तरानं उचलला. दयाळ निघाला, ठकूच्या लिंबावरच्या दयाळानं उचलला. कुकुडकुंभा, व्हला, टिटवी, तांबट, साळुंकी, बुलबुल, खंड्या. येक येक आवाज तिच्या तोंडातनं सुटत व्हता आन् ज्येचा त्येला जाऊन मिळत व्हता. खोरं भरलं. डोंगर बोलायला लागला. भोरड्यांचा थवा रानातनं उठला, कलकलत, गुलाबी, सूर्य झाकला, आन् मचानाभवती फिरायला लागला, फिरायला लागला. केरबानं डोळं मिटलं, पंखांचा वारा येवढा.

उघडलं तर थवा डोंगरापल्याड चालला व्हता. मचान रिकामं. घोंगडं गरम. गोफन मेढीला.

केरबानं हाका मारल्या. मग त्येला बाप आठवला आन् त्यो घरला पळाला.

सुभानआज्जा भिताडाला टेकून बसला व्हता. हात म्होरं केलेला, भाकरीसाठी.

"आता उजाडलं," म्हनला. "इतका येळ कुठं मेला व्हतास?"

आज्जा त्येच्यानंतर लई वर्सं जगला. केरबा त्येच्या उशाशी बसायचा आन् पाखरू बोललं की दोघं व्हय म्हनायचे. बजा मातर कुनाला दिसली न्हाई. कुनी म्हनतंय ती थव्यासंगं गेली. कुनी म्हनतंय तिच्याजवळ आवाज व्हता तेवढीच ती व्हती, समदा वाटून दिला आन् सपली. जालिंदराचा आज्जा म्हनायचा ती जोंधळा घिऊन पळाली. कशात घिऊन पळाली? घोंगडं तर मागं र्‍हायलेलं! इचारा त्येला. उत्तर द्यायचा न्हाई, साखर मापायला लागंल.

तर त्या सालापासनं आमच्या कारळवाडीत भैरोबाच्या देवळात शप्पत घालत न्हाईत. पितळी पालथी घातलीया, आजून पालथीच हाय. परत्येक रानाच्या कडंला पट्टा सोडत्यात, त्याला बजाचा वाटा म्हनत्यात, त्यावर इळा पडत न्हाई. आन् तिसरी रीत, ती घराघरांत. सकाळी उठलं की कुनीबी तोंडातनं सबूद काडायचा न्हाई. आदी दारात पाखरू बोलायचं. कुठलंबी. ते बोललं की घरातल्या थोरल्या मानसानं "व्हय" म्हनायचं. मग गुरं, मग चूल, मग बोलनं. नवी नवरी आली तर तिला पयल्यांदा ह्येच सांगत्यात. तान्हं रडलं तर आय त्येला छातीशी धरती. घरात मयत झालं तरी पयल्या पाखराआदी कुनी हंबरडा फोडत न्हाई. माज्या बापाच्या येळंला आमी तोंडात पदर घालून बसलो व्हतो. मग टिटवी वरडली. मी व्हय म्हनलो. मग रडलो.

मान डोलवताय, पाव्हनं. लोकं इथं मान डोलवत्यात आन् सकाळी फसवत्यात. मागल्या साली पाटलाकडं येक सोयरा आला व्हता, त्येनंबी मान डोलवली. आन् कोतवालाच्या आदी त्येच्या उशाखालनं बाई गायला लागली, बँडबाज्यासकट. समदी गल्ली उठून बसली. त्या दिशी दुपारपतुर गावात येकबी पाखरू बोललं न्हाई, आन् आमी समदे मुके बसून र्‍हायलो, गुरं गोठ्यात हंबारतायत.

तुमच्या खिशात हाय ना तसलाच? गजर लावलाय न्हवं? त्यो मोबाईल काडा भाईर.

बंद करा. आत्ता. माज्या म्होरं.